नव्व्याण्णवाव्या इयत्तेतली मावशी

अनुभवानं माणूस शहाणा होतो असं म्हणतात. पण आलेला एकही अनुभव वाया जाऊ दिला नाही असं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं, आणि ते म्हणजे माझी मुरुम गावची मावशी. आम्हा बाकीच्यांना अनुभव येतात तसे निघूनही जातात. मी स्वतः एकाच दुकानातून तीन वेळा चपला घेतल्या, तिन्ही वेळा महिन्याच्या आत अंगठा तुटला, आणि चौथ्यांदाही मी तिथंच गेलो. मावशीचं तसं नव्हतं. तिचा अनुभव मोजता यायचा. सकाळी फोन केला तर ती आकडा सांगायची, संध्याकाळी केला तर वाढलेला आकडा सांगायची, आणि मधल्या वेळात तो कशानं वाढला हे इतक्या बारकाईनं सांगायची की ऐकणाऱ्याला आपण आजवर नुसते झोपून होतो असं वाटावं.

मावशी म्हणजे आईची पाठची बहीण. मुरुमपासून जवळच्या एका खेड्यात तिनं तीस वर्षं अंगणवाडी चालवली. लेकरांची वजनं करायची, खाऊ शिजवायचा, कुणाचं बाळ उतरणीला लागलंय ते तक्त्यावर बघायचं आणि त्या घरी दिवसातून दोनदा जायचं. लोक वैतागून दार लावायचे, ही खिडकीतून बोलायची. पासष्टाव्या वर्षी निवृत्त झाली तेव्हा गावानं नारळ दिला, साडी दिली, आणि वरून आलेल्या साहेबांनी भाषण केलं. काका, म्हणजे मावशीचे यजमान, बाजाररस्त्याला बी-बियाणांचं लहानसं दुकान चालवतात. ते म्हणाले, "आता हिनं घरी आराम करावा." आराम या विषयातलं मावशीचं कौशल्य शून्य होतं, आणि ते शेवटपर्यंत शून्यच राहिलं.

त्याच वर्षी माझी बदली उमरग्याला झाली. बायको-मुलं धाराशिवला, म्हणून आठ महिने मी मावशीकडं राहिलो. रविवारी दुपारी जेवण झालं की माजघरात बसून लॅपटॉपवर एक खेळ खेळायचा, हा माझा तेव्हाचा एकमेव शौक. ज्यांनी असले खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. एक काल्पनिक राज्य असतं, त्यात तुम्ही एक वाटसरू व्हायचं. देशभरातले हजारो लोक आपापल्या घरून त्याच राज्यात, त्याच वेळी हिंडत असतात. तिथं जे काम कराल त्याचे अनुभवाचे गुण मिळतात. पुरेसे गुण साठले की एक लेव्हल वर. अशा लेव्हली शंभर. शिवाय तलवार, औषधोपचार, मासेमारी, पोहणं, घासाघीस करणं, अशा प्रत्येक कौशल्याचा वेगळा आकडा असतो, आणि तो फक्त ते ते काम करून वाढतो. बहुतेक लोक दिसेल ते जनावर मारत सुटतात, कारण मारण्याचे गुण जास्त आणि लवकर मिळतात. मीही तेच करत दोन वर्षांत तेविसाव्या लेव्हलला पोचलो होतो, आणि माणूस कचेरीत जसा एका जागी समाधानी होतो तसा तिथं समाधानी झालो होतो.

मावशी शेजारी गहू निवडत बसायची. एका रविवारी तिनं सूप खाली ठेवलं आणि पडद्यावर बोट टेकवलं.

"ही हिरीपशी बाई कवाधरनं हुभी हाय रं?"

"ती तशीच असते मावशी. तिची शेळी हरवलीय. शोधून दिली तर पाच गुण मिळतात. रानडुकराचे पन्नास मिळतात."

"पण हुभी कवाधरनं हाय?"

"मी खेळायला लागलो तेव्हापासून. दोन वर्षं."

मावशीनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला आणि माझ्याकडं असं पाहिलं की मला शाळेतले दिवस आठवले. "दोन वर्सं तू हिच्या म्होरनं येतूस-जातूस, आन् एकदाबी इचारलं न्हाईस? तुझ्या आईला सांगू का?"

त्या दुपारी आम्ही शेळी शोधली. दीड तास लागला. ती पिठाच्या गिरणीमागं कडबा खात उभी होती. शेळी दिल्यावर त्या बाईनं एक वाक्य बोलून आभार मानले, मला पाच गुण मिळाले आणि तिच्या डोक्यावरचं, काम बाकी असल्याचं पिवळं चिन्ह नाहीसं झालं. मावशीनं मोठा श्वास सोडला. मग म्हणाली, "माझंबी नाव घाल हितं."

नाव घालायला दोन दिवस लागले. खेळात निवडायला ज्या बायका होत्या त्या सगळ्या सडपातळ, आणि अंगावर कपड्यांपेक्षा पट्टे जास्त. मावशीनं एकेकीला बघून "अगं बाई" म्हटलं. शेवटी तिला एक पांढऱ्या केसांची, जाडसर, हिरवी घोंगडी पांघरलेली बाई सापडली. हत्यारांमध्ये तलवार, धनुष्य आणि काठी असे तीन प्रकार होते. "काठी बरी. वाटंला कुत्री असत्यात," असं म्हणून तिनं काठी घेतली. नावाच्या रकान्यात मी तिचं नाव टाकायला लागलो तर म्हणाली, "त्या नावानं मला कोण वळखतंय? मावशी लिव्ह." तेच लिहिलं. पुढं लखनौपासून कोचीपर्यंतचे लोक तिला मावशी किंवा मौसी म्हणायला लागले त्याचं मूळ एवढंच.

पहिल्या लेव्हलवरून दुसऱ्या लेव्हलवर जायला साधारण माणसाला दहा मिनिटं लागतात. मावशीला नऊ दिवस लागले, कारण तिनं काही मारायचंच नाही असं ठरवलं होतं. मी समजावलं की ही कोंबडी खरी नाही. ती म्हणाली, "मग तिला मारून आल्याला अनुभव खरा कसा?" तिनं कोंबड्या हाकलून खुराड्यात घातल्या, त्याचा एक गुण. विहिरीचं पाणी काढून दिलं, दोन गुण. पाला-मुळ्या गोळा केल्या, निरोप पोचवले, फाटलेली पोती शिवली. लेव्हलला ती इयत्ता म्हणायची. नवव्या दिवशी ती ओट्यावर येऊन काकांना म्हणाली, "म्या दुसरीत गेले." काका म्हणाले, "आज भाकरी हाय का नुसता अनुभव हाय?"

भाकरी होतीच. मावशीनं घरातलं एक काम कधी मागं ठेवलं नाही. फक्त काकांची तक्रार अशी की हिची इयत्ता वाढली की भाजीत मीठ वाढतं. मी एकदा तिला विचारलं, की हे सगळं करण्यात तुला एवढं काय मिळतं? ती एका बोटानं टाइप करत होती, ती थांबली. म्हणाली, "तीस वर्सं मी सेविका म्हणून काम केलं, आन् सेविका म्हणूनच घरी आले. वरचे साहेब यायचे, म्हणायचे, बाई, तुमचं काम लई बेस हाय. चहा प्यायचे, जायाचे. हितं कोंबडं हाकललं तरी लगीच म्हणत्यात, बाई, तुमी एक घर म्होरं सरका. मंग का न्हाय खेळायचं?" आणि पुन्हा टाइप करायला लागली.

माझी बदली परत धाराशिवला झाली तेव्हा मी तो लॅपटॉप तिच्याकडंच ठेवला. तेव्हा ती चौदावीत होती आणि अजून पहिल्याच गावात राहत होती. सगळे लोक तासाभरात ते गाव सोडतात. मावशी तिथं पाच महिने राहिली, कारण गावातल्या सगळ्यांची कामं उरकल्याशिवाय वेस ओलांडायची नाही असा तिचा नेम. वेशीवर एक पहारेकरी असतो. तो यंत्रानंच चालणारा, येणाऱ्या-जाणाऱ्याला "आज हवा छान आहे" एवढंच इंग्रजीत म्हणणारा. मावशी प्रत्येक वेळी थांबून त्याला "व्हय बाबा" असं उत्तर टाइप करायची. मी म्हटलं त्याला ते कळत नाही. "त्याला न कळंना. माणूस बोलल्यावर तोंड फिरवून जायाचं व्हय?"

कौशल्यांच्या बाबतीत तर ती माणूस नव्हती, पाण्याची धार होती. आमच्या भागात पाण्याची काय कथा सांगावी. गावाजवळच्या बेनितुरा नदीच्या पात्रात घोट्याच्या वर पाणी मावशीनं क्वचितच पाहिलेलं. पण खेळातल्या नदीत ती रोज सकाळी अर्धा तास पोहायची. पोहण्याचा आकडा शंभर हातांना एक अशा गतीनं वाढतो, म्हणून सगळे पूल शोधतात. मावशीला पूल दिसला तरी ती पाण्यात उतरायची. घरात मासा कधी शिजला नाही, तरी मासेमारी तिनं पार टोकापर्यंत नेली. गळाला लागलेला प्रत्येक मासा ती परत सोडायची. खेळानं त्याचेही गुण दिले, कारण मासा पकडून सोडून देणारा माणूस भेटेल असं तो खेळ बनवणाऱ्यांच्या डोक्यात आलं नसावं. आणि औषधोपचार! जखमी वाटसरू दिसला की ती काठी उगारायची, हिरवा उजेड पडायचा, आणि तो माणूस उठून उभा राहायचा. कुठल्या मुळीनं कशावर किती उतार पडतो हे तिला पाठ होतं. मोठमोठे लढवय्ये तिला विचारायला यायचे. ती रोमन अक्षरांत, हिंदीत, शब्दाशब्दाला अडत उत्तर द्यायची, आणि शेवटी "जेवण केलं का" हे न चुकता विचारायची.

तिच्या आयुष्यातली एकमेव मोठी मोहीम म्हणजे नागाच्या गुहेची. हैदराबादची एक इंजिनिअर मुलगी वीस जणांच्या टोळीची म्होरकी होती. त्या टोळीला गुहेतल्या अजस्र नागानं चार वेळा लोळवलं होतं, कारण त्यांचे वैद्य टिकत नव्हते. तिनं मावशीला गळ घातली. मावशीनं अट घातली, की मी फक्त माणसं बरी करणार. शनिवारी दुपारी मी मुद्दाम मुरुमला गेलो होतो. काय सांगू! वीस जण एकीकडून कोसळत होते आणि मावशी एका बोटानं दुसरीकडून त्यांना उभं करत होती. तासभर एकही मेला नाही. नाग रक्तबंबाळ झाला, शेवटचा एक घाव राहिला, सगळे ओरडायला लागले, आणि त्याच क्षणी मावशीनं काठी फिरवून नागाला बरं केलं.

पूर्ण बरं केलं. शेपटीपासून फण्यापर्यंत.

लॅपटॉपच्या स्पीकरमधून वीस जणांचा जो आवाज आला तो मी पुन्हा कधी ऐकला नाही. ती म्होरकी मुलगी रडकुंडीला येऊन विचारत होती, "मौसीजी, ये क्या किया आपने?" मावशी घामाघूम होऊन म्हणाली, "त्याला लई लागलं होतं गं. आन् नागपंचमी चार दिसावर आलीया." त्याहून कहर म्हणजे बरं केलेल्या देहाच्या आकाराप्रमाणं उपचाराचे गुण मिळतात. तेवढा मोठा देह त्या राज्यात कुणी कधी बरा केलाच नव्हता. मावशी बसल्या जागी तीन इयत्ता वर चढली. टोळीनं तिला त्याच दिवशी काढून टाकलं, आणि पुढच्या शुक्रवारी माफी मागून परत घेतलं.

असं करत करत, तीन वर्षांत, एक मुंगी न मारता ती चौऱ्याण्णवाव्या इयत्तेत पोचली. मी तेविसावीतच होतो.

मग एक दिवस खेळ बनवणाऱ्या कंपनीची सूचना आली. खेळणारे कमी झालेत, खेळ बंद होतोय. बारा दिवसांनी, शनिवारी दुपारी चार वाजता. सगळं पुसलं जाणार: घरं, कौशल्यं, इयत्ता, सगळं. हे तिला कसं सांगावं या विचारात मी दिवसभर फोन हातात घेऊन बसलो, आणि शेवटी लावला तर ती म्हणाली, "वाचलं म्या. भाजी चिरतीया, सांच्याला बोलू."

त्या सूचनेत आणखी दोन गोष्टी होत्या. या बारा दिवसांत गुण तिप्पट मिळणार होते. आणि राजधानीत एक दगडी खांब होता, शंभरी गाठलेल्यांची नावं त्यावर कोरलेली असायची. त्या खांबाचं चित्र कंपनी कायमचं जपून ठेवणार होती. मावशीनं हिशेब मांडला. रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत रणांगणाजवळ बसून जखमी बरे केले, तर बाराव्या दिवशी जेमतेम शंभरी. तिला ती हवी होती. हे मी माझ्या मनानं सांगत नाही, तिनंच फोनवर सांगितलं, जरा लाजून: "एकदा तरी वाटतंय रं, वरच्या जागी आपलं नाव बघावं."

हैदराबादच्या मुलीनं सोपा रस्ता सुचवला. टोळी डोंगरातल्या राक्षसाला अर्धमेला करेल, मौसीजींनी फक्त शेवटची काठी मारायची. एका काठीत शंभरी. मावशीनं एक पूर्ण दिवस विचार केला. काका म्हणाले, "हाण की एक! खोटाच हाय त्यो."

"त्यो खोटा हाय," मावशी म्हणाली, "पण मी खरी हाय न्हवं?"

त्यानंतर काकांनी तो विषय काढला नाही. दुपारी दुकानातून येऊन तिच्या शेजारी चहा ठेवून जायला लागले मात्र.

सातव्या दिवशी ती अठ्ठ्याण्णवावीत होती आणि हिशेब बरोबर चालला होता. औषधाच्या मुळ्या संपल्या म्हणून ती पहिल्या गावात आली, तर वेशीजवळ एक नवा माणूस, पहिल्या लेव्हलचा, कोंबड्यांपासून पळत होता. बाकीचे बघून हसत होते. खेळ पाच दिवसांत बंद होणार आणि हा आत्ता आलेला! मावशीनं विचारपूस केली. तो बिदरचा, टेम्पो चालवणारा, पाय मोडून प्लास्टरमध्ये पडलेला. वेळ जाईना म्हणून कुणीतरी फोनवर खेळ टाकून दिलेला. बंद होणार हे त्याला ठाऊकच नव्हतं. मावशीनं मला फोन केला, "सांगू का रं त्याला?" मी सांग म्हटलं. तिनं सांगितलं. त्याचं उत्तर तिनं मला वाचून दाखवलं: "पाँच दिन तो है ना मौसी. मेरेकू कहाँ जाना है." आणि मग त्यानं विचारलं होतं, की इथं कुठं दरिया आहे का? त्यानं खरा कधी पाहिला नव्हता.

राज्याच्या पार पश्चिमेला समुद्र होता. वाटेत जंगल, आणि एक रुंद नदी, तिला पूल नाही. पोहण्याचा आकडा दहा झाल्याशिवाय ती ओलांडता येत नाही. मावशी रणांगण सोडून त्या माणसाबरोबर पायी निघाली.

मी फोनवर अक्षरशः ओरडलो. "मावशी, तुझे गुण! त्याला बरं करून तुला काही मिळत नाही. त्याच्या अंगात बरं करण्यासारखं आहेच किती!"

"व्हय रं," ती म्हणाली, "पण त्याला पव्हता येत न्हाय." आणि फोन ठेवला.

दोन दिवस तिनं त्याला उथळ पाण्यात हातपाय मारायला शिकवलं. हल्लू, हल्लू, असं लिहीत. त्यानं घाई केली की रागवायची, आकडा एकानं वाढला की टाळ्या वाजवणारं चित्र पाठवायची. तो बुडायचा, ती ओढून काढायची. वाटेत त्याला पाला ओळखायला लावला, चूल पेटवायला लावली. रात्री घरात नऊच्या ठोक्याला लॅपटॉप बंद, तेव्हा तोही झोपायचा. मधल्या वेळात कुणी जखमी भेटला तर ती थांबून त्याला बरं करायची, त्यावर कशीबशी नव्व्याण्णवावीत गेली. मी रजा टाकून शनिवारी सकाळीच मुरुमला पोचलो. मावशीनं इरकली नेसली होती. काकांनी दुकान बंद ठेवलं होतं. सणवार सोडून ते बंद मी पहिल्यांदा पाहिलं.

साडेतीनला ती दोघं समुद्राशी आली. पांढरी घोंगडीवाली म्हातारी आणि शेजारी नवव्या लेव्हलचा एक फाटका माणूस. (घोंगडी मूळची हिरवी; इतकी वर्षं पोहून तिचा रंग उडाला, असं मावशीचं म्हणणं.) त्यानं लिहिलं, "इतना बड़ा?" मग लाटांच्या कडेनं चालत राहिला. काका खुर्ची ओढून पुढं सरकले.

मी गुणांचा रकाना बघत होतो. शंभरीला अगदी थोडं कमी होतं. पाऊण तास रणांगणावर बसली असती तर झालं असतं. तेवढ्यात पडद्याच्या कडेला माणसं दिसायला लागली. हैदराबादच्या मुलीची टोळी होती. राजधानीत दारूकाम चाललं होतं ते सोडून वीसच्या वीस जण घोडे फेकत आले होते. आल्या आल्या ते किनाऱ्यावरच्या उंच खडकावर चढले आणि एकेक करून वरून खाली उड्या मारायला लागले.

"आगं! आरं ह्यांस्नी काय झालं?" मावशी किंचाळली.

मला कळायला दोन क्षण लागले. ते स्वतःला लागून घेत होते. मावशीनं बरं करावं म्हणून. पडायचे, हाडं मोडायची, मावशी काठी उगारायची, ते उठायचे आणि पुन्हा पळत खडकावर चढायचे. बिदरवाल्यानं विचारलं काय चाललंय, कुणीतरी त्याला सांगितलं, आणि मोडक्या पायाचा तो माणूसही खडक चढायला लागला. मावशी एका हातानं डोळे पुसत होती, दुसऱ्या हाताच्या एका बोटानं माणसं उभी करत होती, आणि तोंडानं शिव्या देत होती, "उड्या कशाला मारताव रं मुडद्यांनो, लागंल न्हवं!" काका उभे राहिले होते. मी आकडे मोठ्यांदा वाचत होतो. तीनशे राहिले. एकशे चाळीस. नव्वद.

एकोणचाळीस राहिले तेव्हा पडदा थांबला. बिदरवाला खडकावरून निघालेला, जमिनीला टेकायच्या आधीच, हवेत. समुद्र मागं तसाच. मग पडदा काळा झाला आणि संपर्क तुटल्याची एक ओळ आली.

रस्त्यावरून भंगारवाल्याची आरोळी गेली. मावशीनं बोट उचललं नव्हतं.

"थोडक्यात ऱ्हायलं रं," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून रडली. लहान मुलासारखी नाही, मोठ्या माणसासारखी, थोडंसंच. काकांनी लॅपटॉपचं झाकण लावलं, वायर गुंडाळली आणि आत जाऊन स्वतः चहा टाकला. त्या चहात साखर नव्हती. आम्ही तिघांनी तो पिऊन टाकला.

त्यानंतर मावशीनं दुसरा कुठला खेळ घेतला नाही. मी दोन-तीन दाखवले. तिनं कौतुकानं पाहिले आणि "बेस हाय" म्हणाली. हैदराबादची मुलगी अधूनमधून फोन करते. बिदरवाल्याचा मात्र पत्ता कुणाकडंच नाही. नाव विचारायचं राहून गेलं; त्याला ती दादा म्हणायची, तो तिला मौसी.

गेल्या थंडीत नात्यातल्या एका लग्नाला आम्ही बिदरला गेलो होतो. परतीची गाडी यायला अवकाश होता. स्टँडवरच्या बाकड्यावर मावशी माझ्या शेजारी बसली होती, आणि माझ्या लक्षात आलं की ती लोकांच्या चेहऱ्यांकडं बघतच नाहीये. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पुरुषाच्या पायांकडं बघत होती. फलाटाच्या टोकाकडून एक जण आला, पस्तिशीचा, हातात पिशवी, एक पाय किंचित ओढणारा. मावशी बाकड्यावरून अर्धी उठली. तो आमच्या समोरून गेला, पाण्याची बाटली घेतली, गाडीत चढला. गाडी हलली.

मी म्हटलं, "विचारायचं होतंस."

मावशी खाली बसली. गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत बघत राहिली.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "चालाया लागलाय बग चांगला."